मोबाइलवरून हलणारा उजेड

आज दिवसभर एका छोट्या पोर्टेबल एलईडी लाइटवर आईचे फोटो काढले. जाम खूश आहे मी! लाइट उंच कपाटावर ठेवलेला, खालून हात पोचत नाही. पण अ‍ॅपमध्ये बोट सरकवलं की ब्लूटूथवरून तो हवा तेवढा मंद होतो.

खरी गंमत रंग-तापमानाची, म्हणजे उजेड पिवळसर की निळसर ते सांगणाऱ्या आकड्याची (तो केल्विनमध्ये मोजतात). ३२०० केल्विनला आईचा चेहरा पिवळसर, उबदार दिसत होता. हळूहळू ५६०० पर्यंत नेलं आणि खिडकीतल्या दुपारच्या उजेडात लाइट असा मिसळला की कोणता कुठला ते कळेना. नाकाची सावली मात्र तशीच कडक. त्यावर अ‍ॅपमध्ये उपाय नाही (उगम लहान, म्हणजे सावली ठसठशीत येणारच). मग लाइट सरळ पांढऱ्या भिंतीकडे वळवला. भिंतीवरून परतलेल्या उजेडात सावलीची कड विरघळून गेली. फोटो सोबत जोडलाय, नक्की बघा.

आणि ब्राइटनेस वाढवण्याआधी लाइट जवळ आणा. लहान लाइटचं अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण पाव होतो, मग तो भरून काढायला ब्राइटनेस वाढवावा लागतो आणि बॅटरी उगाच संपते. घेताना नुसत्या वॅटवर जाऊ नका, सीआरआय विचारा (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, याचा १०० पैकी अंक). ९५ च्या पुढे असेल तर त्वचेचा रंग बराच खरा येतो.