पाचवं नाव

गेल्या हिवाळ्यात आमच्या विभागीय शालेय सॉफ्टबॉल स्पर्धेत, सतरा वर्षांखालील मुलींच्या गटात, मी स्कोअरर होतो. शाळेत खेळ शिकवतो, त्यामुळे असं काम दरवर्षी अंगावर येतं आणि मी ते आवडीने करतो. अमरावती विभागात पाच जिल्हे आणि दोन महानगरपालिका. सात संघ, बाद पद्धत, एका दिवसात सहा सामने. सकाळी ड्रॉ काढला आणि नेमके दोन तगडे संघ पहिल्याच फेरीत समोरासमोर आले. त्यातला एक अकराच्या आत घरी जाणार, हे चिठ्ठ्या उघडल्या तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं.

या खेळात राष्ट्रीय स्पर्धेपर्यंतची वाट कशी आहे, ते पालकांनाही नीट माहीत नसतं. जिल्हा जिंकला की विभाग, विभाग जिंकला की राज्य, तिथे आठ विभागांचे आठ संघ. इथपर्यंत शाळा शाळा म्हणून खेळते. पण राष्ट्रीय शालेय स्पर्धेत शाळा जात नाही, महाराष्ट्र जातो, आणि तो संघ एकेक खेळाडू निवडून बनतो. माझी भाची टेक्सासला बारा वर्षांखालच्या संघात खेळते. तिथे बऱ्याच संघटनांत पात्रता स्पर्धा जिंकली की क्लबचा अख्खा संघच राष्ट्रीय स्पर्धेला जातो, आणि त्या संघाकडे आधीच जागा असेल तर ती खालच्या क्रमांकाच्या संघाकडे सरकते. तिथे जागा संघाची, आपल्याकडे मुलीची. म्हणूनच हरलेल्या संघातल्या चांगल्या मुली वाया जाऊ नयेत म्हणून विभागातून विजेत्या संघासोबत निवड चाचणीसाठी आणखी पाच नावं पाठवायची होती. पाचच. खेड्यातल्या मुलीसाठी त्या नावामागे पुढचं बरंच काही असतं. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण, दोन्हीची वाट प्रमाणपत्रावरून जाते.

तो पहिला सामना 3-2 होमरनने सुटला. (आमच्याकडे प्रत्येक धावेला होमरनच म्हणतात.) हरलेल्या संघाची कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारी, लहानखुरी, सात नंबरची. दुसऱ्या बेसवर चोरून पळणाऱ्या दोघींना तिने बसल्या जागेवरून फेकून बाद केलं होतं. पण चेंडू टाकणारी त्यांची पिचर चौथ्या डावापासून थकली. चार वेळा चेंडू कॅचरच्या मागे गेला, रनर पुढे सरकल्या, त्यातल्या दोघी बॅटरजवळच्या होम प्लेटवर पोचल्या, म्हणजे दोन धावा गेल्या. माझी मान पत्रकात, मागे पालकांचा आरडाओरडा. चेंडू मागे गेला की मी लिहीत गेलो: पीबी, पीबी, पीबी, पीबी. पास बॉल. म्हणजे पकडता येण्यासारखा चेंडू सुटला, दोष कॅचरचा.

दुपारी शेवटच्या सामन्यानंतर निवड समिती मंडपात बसली. तिघे जण, समोर माझी पत्रकं. सकाळच्या सामन्यातल्या मुली दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात राहतात? सगळी भिस्त कागदावर. कॅचरची एक जागा होती. सात नंबरचं नाव निघालं, आणि एका सदस्याने पत्रकावर बोट ठेवलं. "एका सामन्यात चार पास बॉल? राहू द्या." तिच्यापुढे काट मारली आणि दुसऱ्या जिल्ह्याच्या कॅचरचं नाव लिहिलं.

मी पाणी प्यायला टाकीकडे गेलो. ती मुलगी तिथेच कॅचरचं सामान धूत होती. सामान शाळेचं, एकच संच, स्वच्छ करून परत द्यायचं होतं. छातीच्या पॅडवर, अगदी गळ्यापर्यंत, काळ्या मातीचे गोल डाग. डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला दोन निळे वळ. चेंडू हातमोज्यात आला असता तर माती तिथे कशाला लागली असती? मी विचारलं, "बाळा, हे कसं लागलं?"

"सर, बॉल प्लेटच्या आधीच मातीत पडत होता ना जी. अंगावर घेतला तेवढा घेतला."

माझ्या पोटात खड्डा पडला. चेंडू प्लेटला पोचायच्या आधी जमिनीला लागला, कॅचरला आवरला नाही आणि रनर पुढे सरकली, तर ती वाइल्ड पिच असते. दोष पिचरचा. नवख्या स्कोअररला पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट.

प्लेटमागचे पंच सामान भरत होते. त्यांना गाठलं. त्यांनी डोळे मिटून एकेक चेंडू आठवला. तीन चेंडू मातीत पडल्याचं ते ठामपणे म्हणाले, दर वेळी त्यांनी प्लेट झाडली होती. जिंकलेल्या संघाच्या प्रशिक्षकांना वेगळं विचारलं, तेही तीनच म्हणाले. चौथा तिच्या हातमोज्याला लागून गेला होता. तो मी पीबीच ठेवला. उरलेल्या तिन्हींवर रेघ मारून डब्ल्यूपी लिहिलं, बाजूला माझी सही, पंचांची सही.

मंडपात ते सोपं गेलं नाही. "सामना संपल्यावर कागद बदलायचा नसतो सर," ज्येष्ठ सदस्य म्हणाले, आणि त्यांचं चूक नव्हतं. उद्या कोणीही येऊन पत्रक बदलायला लावेल. मी म्हटलं, निकाल 3-2 तोच आहे, विजेता तोच आहे. फक्त दोष ज्याच्या नावावर पडला त्याचा तो नव्हता, आणि तो तिथे टाकणारा मी आहे. लेखी द्या म्हणाले. तिथेच कोऱ्या कागदावर लिहून दिलं. मग त्यांनी दोन्ही कॅचरची पत्रकं शेजारी ठेवली, दोघींनी बाद केलेल्या रनर मोजल्या, पाचवं नाव खोडलं आणि सात नंबरचं लिहिलं.

आधी लिहिलेल्या मुलीचं काय? तिने काहीच वाईट केलं नव्हतं. मंडपाच्या कडेला उभ्या असलेल्या त्यांच्या सरांनी पहिली यादी ऐकली होती आणि तिला सांगूनही टाकलं होतं. मी बाहेर आलो तेव्हा तिच्या मैत्रिणी तिच्याभोवती नाचत होत्या. बदल तिला मीच जाऊन सांगितला, कारण तो माझ्यामुळे होता. तिने ऐकलं, मान हलवली आणि वेणीचं रबर काढून मनगटात घातलं. मग विचारलं, "सर, तिचा थ्रो खरंच माझ्यापेक्षा भारी आहे का?"

मी हो म्हणालो. ती टाकीकडे बघत राहिली. सात नंबरची अजून पॅड घासत होती, तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं. जन्मदाखल्याची प्रत आणि दोन फोटो सहाच्या आत हवे होते, मी तिला हाक मारली.