तुम्ही विचारलंत म्हणून: लोहसिंहासनावर खरा हक्क कुणाचा?

'हाऊस ऑफ द ड्रॅगन' ही मालिका 2022 मध्ये सुरू झाल्यापासून ओळखीची माणसे मला एकच प्रश्न विचारत आली आहेत. वेस्टेरॉस या काल्पनिक राज्याचा राजा विसेरिस वारल्यावर तिथल्या लोहसिंहासनावर खरा हक्क कुणाचा होता, त्याची थोरली मुलगी रेनिरा हिचा, की दुसऱ्या राणीपासून झालेला मुलगा एगॉन याचा? विचारणाऱ्याने आपला पक्ष बहुधा आधीच निवडलेला असतो आणि माझ्याकडून त्याला फक्त दुजोरा हवा असतो. माझे मत रेनिराच्या बाजूने झुकते. परंतु ते ज्या कारणासाठी झुकते, ते तिच्या चाहत्यांना सहसा रुचत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'फायर अँड ब्लड' या मूळ पुस्तकाचा घेतला आहे, कारण मालिकेने बरेच प्रसंग बदलले आहेत. सनावळी अर्थातच त्या जगाची, टार्गेरियन राजघराण्याचा पहिला राजा एगॉन विजेता याच्यापासून मोजलेली.

पहिली अडचण अशी की, 'खरा हक्क' ठरवायला जो कायदा लागतो तो टार्गेरियन घराण्याने कधी केलाच नाही. वेस्टेरॉसमधल्या सरदारांच्या घरांत रूढी होती: मुलगा मुलीच्या आधी, पण मुलगी काकाच्या आधी, दक्षिणेकडच्या डॉर्नमध्ये तर थोरले अपत्य तेच वारस, मग ते मुलगा असो वा मुलगी. राजघराण्याने मात्र यातले काहीच बांधून घेतले नाही. सन 42 मध्ये राजा एनिस वारला तेव्हा त्याच्या थोरल्या मुलाला डावलून एनिसचा सावत्र भाऊ मेगॉर सिंहासनावर बसला, आणि पुढच्याच वर्षी त्या पुतण्याने हक्क मागितला तेव्हा मेगॉरच्या बेलेरियन या महाकाय ड्रॅगनने त्याला त्याच्या ड्रॅगनसकट आकाशातच संपवले. सन 48 मध्ये मेगॉर मेल्यावर, मारल्या गेलेल्या त्या पुतण्याच्या जुळ्या मुलींना मागे ठेवून त्याचा धाकटा भाऊ जेहेरिस राजा झाला. सन 92 मध्ये जेहेरिसचा थोरला मुलगा एमन मेला. त्याची मुलगी रेनिस प्रौढ होती, स्वतः ड्रॅगनवर स्वार होणारी होती, आणि रूढीप्रमाणे काकाच्या आधी तिचा क्रम लागत होता. तरी राजाने आपला दुसरा मुलगा बेलन यालाच वारस नेमले. हे सारे निभावून गेले, कारण ज्याच्या अंगणात ड्रॅगन बांधलेले आहेत त्याला नियम लिहून ठेवण्याची गरज वाटत नाही, आणि नियम विचारण्याची इतरांची छाती होत नाही.

या घराण्याच्या इतिहासात मला खरोखर आदर वाटतो तो एका निर्णयाचा. बेलनही मेला तेव्हा, सन 101 मध्ये, म्हाताऱ्या जेहेरिसने हॅरनहॉलच्या किल्ल्यात सरदारांची महासभा बोलावली आणि वारस कोण हे त्यांनाच ठरवू दिले. तिथे चौदा दावे ऐकले गेले. शेवटी सामना उरला तो बेलनचा मुलगा विसेरिस आणि रेनिसचा सात वर्षांचा मुलगा लेनॉर यांच्यात, आणि सभेने प्रचंड बहुमताने विसेरिसला निवडले. सिंहासन स्त्रीकडे जाणार नाही आणि स्त्रीमार्फत तिच्या मुलाकडेही जाणार नाही, असा नियम त्यातून अनेकांनी काढला. या नियमाच्या आधारे जो माणूस राजा झाला, त्यानेच सन 105 मध्ये पहिली राणी आणि नवजात मुलगा गमावल्यावर रेनिराला वारस जाहीर केले आणि सरदारांकडून तिच्या निष्ठेच्या शपथा घेतल्या. पुढच्या वर्षी त्याने ॲलिसेंट हायटॉवरशी लग्न केले आणि 107 मध्ये एगॉन जन्मला. शपथा घेतल्या त्या वेळी राजाला मुलगा नव्हता, आता होता. एवढा मोठा फरक पडूनही सन 129 मध्ये मरेपर्यंत विसेरिसने दुसरी महासभा बोलावली नाही. शपथ घेतलेल्यांपैकी अनेक जण तोवर मेले होते, आणि त्यांच्या मुलांनी कसलाच शब्द दिलेला नव्हता. एगॉनच्या पक्षाने पुढे त्यालाच राजा करून युद्ध ओढवले त्याचे समर्थन मी करत नाही, पण त्यांना फट सापडली ती या भल्या, आतिथ्यशील आणि विलक्षण आळशी राजामुळे.

मग रेनिराचा दावा कशावर उभा होता? इथे तिचे चाहते म्हणतात की तो स्त्रीच्या हक्कावर उभा होता. पुस्तक तसे सांगत नाही. राजधानी हाती आल्यावर रॉस्बी आणि स्टोकवर्थ या दोन सरदारांना मृत्युदंड झाला आणि त्यांच्या जहागिरींचा प्रश्न तिच्यासमोर आला. दोघांनाही थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा होता. मुलींना वारस करून त्यांची लग्ने आपल्या उपयोगी माणसांशी लावावीत, असे तिचा नवरा डेमन सुचवत होता. तिचा मुख्य सल्लागार कॉर्लिस व्हेलॅरियन याने विरोध केला: राणीचे उदाहरण वेगळे, तिला तिच्या वडिलांनी नेमले होते, या मुलींना कुणी नेमलेले नाही, आणि बहिणींना असे पुढे आणले तर राज्यातले कितीतरी सरदार आपापल्या जागी डळमळतील. रेनिराने कॉर्लिसचे ऐकले आणि जहागिरी मुलांकडे गेल्या. सगळ्या पुस्तकात वारसाहक्कावरचा हाच प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. थोरली बहीण धाकट्या भावामागे, हे तिने स्वतः मान्य केले. स्वतःपुरता अपवाद मागितला तो केवळ राजाच्या शब्दावर. मी तिच्या बाजूने आहे ती एवढ्यासाठीच, की ज्या राज्यात राजाचा शब्द हाच आजवर कायदा होता, तिथे विसेरिसचा शब्द एकट्यानेच का मोडावा याचे उत्तर एगॉनच्या पक्षाकडे नव्हते.

उरतो रक्ताचा मुद्दा, म्हणजे ड्रॅगन राजघराण्याच्या रक्तालाच वश होतो ही समजूत. रेनिराच्या थोरल्या तीन मुलांचा बाप तिचा पहिला नवरा, म्हणजे महासभेत हरलेला तोच लेनॉर, नव्हे, अशी कुजबुज दरबारात होती. त्या मुलांच्या पाळण्यात ठेवलेली अंडी उबून ड्रॅगन जन्मले तेव्हा कुजबुजणारे खोटे ठरले असे मानले गेले. आईच टार्गेरियन असताना ड्रॅगन जन्मल्याने बाप कोण हे कसे सिद्ध होते, हे मला अजून कुणी समजावलेले नाही. पुढे युद्धात स्वार कमी पडले म्हणून रेनिराच्या पक्षाने ड्रॅगनस्टोन बेटावरच्या अनौरस आणि अनामिक लोकांना बोलावले, आणि खुद्द जेहेरिसच्या व्हर्मिथॉरवर ह्यू नावाचा लोहाराचा अनौरस मुलगा मांड ठोकून बसला. लवकरच तो फितूर झाला आणि स्वतःलाच मुकुट का नसावा असे विचारू लागला. शंभर वर्षे ज्या खुणेवर राजघराणे वेगळे ठरत होते, ती खूण आता त्याच्याकडेही होती. त्याला नाही म्हणायला कोणता आधार उरला होता?

काही जण इथे शाहू आणि ताराबाई यांची आठवण काढतात. ती तुलना मला पटत नाही. ताराबाईंनी राज्य चालवले ते मुलाच्या नावाने, आणि तो दावा पुरुषवंशातल्याच दोन चुलत भावांमधला होता. खरे साम्य इंग्लंडमध्ये आहे. पहिल्या हेन्रीचा एकुलता औरस मुलगा 1120 मध्ये जहाज बुडून मेला. राजाने मुलगी मटिल्डा हिच्यासाठी सरदारांच्या शपथा घेतल्या. आणि 1135 मध्ये तो मरताच भाचा स्टीफन महिन्याच्या आत राज्याभिषेक करून मोकळा झाला. 1141 मध्ये मटिल्डा लंडनपर्यंत पोहोचली, पण राज्याभिषेकाआधीच लोकांनी तिला हुसकले. ते युद्ध किल्ल्या-किल्ल्यांतून रेंगाळले, आणि त्या रेंगाळण्यामुळेच 1153 मध्ये तडजोड होऊ शकली: स्टीफन मरेपर्यंत राजा, त्याच्यामागे मटिल्डाचा मुलगा. वेस्टेरॉसमध्ये ड्रॅगनांनी दोन-अडीच वर्षांतच निकाल लावला. रेनिरा 130 मध्ये एगॉनच्या ड्रॅगनच्या तोंडी गेली, एगॉन 131 मध्ये विषाने मेला, आणि मुकुट रेनिराच्या मुलाच्या, तिसऱ्या एगॉनच्या डोक्यावर आला. तो राणीचा मुलगा म्हणून वारस, की मृत राजाचा सर्वांत जवळचा पुरुष नातलग म्हणून, हे ठरवण्याची गरज कुणालाच पडली नाही. दोन्ही वाटा त्याच्यापाशीच येत होत्या.

ती गरज पडली 171 मध्ये. शेवटचा ड्रॅगन 153 मध्येच मेलेला होता. तिसऱ्या एगॉनचे दोन्ही मुलगे निपुत्रिक वारले होते आणि त्याची थोरली मुलगी डेना हयात होती. तिला बाजूला सारून सिंहासनावर बसला तिचा काका विसेरिस, म्हणजे रेनिराचाच धाकटा मुलगा.