तुम्ही विचारलंत म्हणून: डोनाल्ड रंगवून का घेत नाही?

चतुर्थी महिन्यावर आली की हा प्रश्न ठरलेला. शोकेसमधल्या मान डोलावणाऱ्या बाहुल्या बघायच्या, त्यातल्या कळकट डोनाल्ड डकवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "चित्रशाळेत नेऊन एक हात का मारून घेत नाही? गणपतीचे डोळे काढणाऱ्याला बदकाचे डोळे काढायला कितीसा वेळ लागतो?" वेळ लागत नाहीच. पाऊण तासात काम होतं. तिथेच तर घोळ आहे.

"जुनी वस्तू रंगवली की भाव उतरतो," हे उत्तर मी बरीच वर्षं देत आलो. ते ऐकलं की समोरचा गप्प बसतो. भाव उतरतो हे खरं, पण जे विकायचंच नाही त्याच्या भावाशी काय देणंघेणं? ती पळवाट होती. खरं उत्तर लांबलचक आहे, आणि त्यात माझीच चूक आहे.

आधी वस्तू कशाची आहे ते बघा. हा डोनाल्ड जपानी, साठच्या दशकातला, साडेसहा इंच उंच. कागदाच्या लगद्याचा पोकळ सांगाडा, त्यावर खडूसारख्या पांढऱ्या अस्तराचा पातळ थर, त्यावर रंग, सगळ्यात वर वॉर्निश. मान स्प्रिंगवर. 1959 ची पीनट्स या चित्रकथेतली मंडळी, म्हणजे चार्ली ब्राउन, स्नूपी, ल्यूसी, याच घराण्यातली. त्याआधीचे जर्मन नॉडर, म्हणजे मान डोलावणारे बाहुले, वेगळे: बिनचकाकीच्या पोर्सिलेनचे, तीन-चार इंची, लिटल ऑर्फन ॲनी किंवा अँडी गंप अशी अमेरिकी चित्रकथांतली पात्रं, पाठीवर 'जर्मनी' असा ठसा आणि मान इलॅस्टिकच्या दोरीवर. त्यातल्या अनेकांचा रंग भट्टीत पक्का केलेला नसतो, ओल्या फडक्याने पुसलात की गाल फडक्यावर येतात. युद्धापूर्वीचे जपानी सेल्युलॉइडचे तर आगीची काडीच. ते कधीही बंद डब्यात, बाकीच्यांच्या शेजारी ठेवू नयेत.

गोव्यात हा माल बहुतेक बोटीवरच्या माणसांबरोबर आला. तारवटी सुट्टीवर घरी येताना ट्रंकेत कापड, घड्याळ आणि पोरांसाठी असं काहीतरी आणायचा. पोरं मोठी झाली, बाहुली शोकेसमध्ये गेली, आणि पुढे घर आवरायला काढलं की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठेही जा, कथा एकच: पंचवीस-तीस पावसाळे काढलेला लगदा.

पाऊस इथे खरा मालक. वर्षाला तीन मीटर पाऊस, आणि जून ते सप्टेंबर घरातली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या खाली उतरत नाही. आर्द्रतामापक घ्याल तर आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर ते नुसतं भिजेल इतकंच पाणी, मापकासह हवाबंद बरणीत रात्रभर. सकाळी काटा 75 दाखवायला हवा. बाजारातले स्वस्त मापक पाच-सात अंकांनी सहज चुकतात, आणि त्या पाच-सात अंकांतच बुरशी धरते.

आता डोनाल्डचं. जुलै महिना. शोकेसची पाठ बाहेरच्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, भिंतीला टेकलेली. चिरा पाणी पितो, भिंत आतून ओलसर, शोकेसच्या प्लायने ती ओल घेतली आणि बाहुलीच्या बुडाने प्लायमधून. आधी दिसलं ते एवढंच, की डोनाल्ड पुढे कलला आहे. बूड एका बाजूने फुगलं होतं. मापकावर 88. घाई झाली. आठ लिटरच्या हवाबंद डब्यात अर्धा किलो ताजी भाजलेली सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) आणि मध्ये डोनाल्ड. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यातली आर्द्रता 24 होती आणि टोपीपासून चोचीपर्यंत रंगाचे पापुद्रे उभे राहिले होते. वाळलेल्या शेतातली माती कडा वर उचलते ना, तसे. काही डब्याच्या तळाशी पडलेले.

कारण सोपं आहे, पण ते नंतर कळलं. कागद पाणी प्याला की फुगतो, सुकला की आक्रसतो. खडूचं अस्तर दोन्ही करत नाही. कागद फुगताना अस्तराला बारीक चिरा जातात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. मग कागद एका रात्रीत आक्रसला की अस्तराला जागा पुरत नाही, कडा एकमेकींवर चढतात आणि सुटतात. ओल लागणं ही निम्मी इजा, घाईने वाळवणं ही उरलेली निम्मी. दिवसाला तीन-चार अंकांनी आर्द्रता उतरवली असती, म्हणजे डब्याचं झाकण किलकिलं ठेवून मूठभर जेल, रोज थोडी वाढवत, तर बहुतेक रंग जागेवर राहिला असता. थांबायचं 55 ते 60 वर. परदेशी पुस्तकं 45 सांगतात, पण इथे डबा उघडला की पुन्हा ऐंशी, त्यामुळे इतकं खाली नेणं म्हणजे त्याला रोज फुगवणं-आक्रसवणं.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. उठलेले पापुद्रे बसवता येतात. पाण्यातलं दोन टक्के मिथाइल सेल्युलोज (एक सौम्य गोंद), 00 नंबरचा ब्रश, पापुद्र्याच्या कडेखाली एक थेंब, वर न चिकटणारा सिलिकॉन कागद आणि वाळूची छोटी पुरचुंडी, रात्रभर. त्याआधी बुडाखाली कापसाच्या ओल्या काडीने रंग तपासायचा. काडी रंगली तर हात आखडायचा. एका चेहऱ्याला पंधरा दिवस जातात.

त्याऐवजी मी तुमचंच ऐकलं. डोनाल्ड चित्रशाळेत गेला. पडलेल्या जागी पुट्टी, घासकागद, दोन हात ॲक्रिलिक. काम सफाईचं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. गणपतीसाठी ही पद्धत अगदी बरोबर आहे: मातीची मूर्ती, दीड दिवस नाहीतर पाच दिवस, मग विसर्जन. पण याला पुढचा पावसाळा काढायचा होता. ॲक्रिलिकचा थर प्लास्टिकसारखा, बुडातून चढलेली वाफ त्यातून बाहेर पडेना. ऑगस्टमध्ये गालावर फोड आले. ते फुटले तेव्हा नव्या रंगाच्या पाठीला जुना रंग चिकटून आला, अस्तरासकट. पहिल्या अपघातातून वाचलेला अस्सल भाग दुरुस्तीने नेला.

आणि मान. याचा विचार कुणीच करत नाही, मीही केला नव्हता. रंगवण्याआधी डोकं 38 ग्रॅम होतं, पुट्टी आणि रंगानंतर 47. स्प्रिंग तीच, साठ वर्षं जुनी. आधी टिचकी मारली की डोकं सात-आठ सेकंद निवांत 'हो हो' करायचं. आता हनुवटी कॉलरवर टेकते आणि दोन झोक्यांत थांबते. नंदीबैल तरी गुबुगुबूला मान हलवतो, हा तर गप्पच. यावर उपाय म्हणून कुणी पेनातली स्प्रिंग बसवतात. बसवू नका. ती अरुंद आणि ताठ असते, डोकं डोलत नाही, थंडी वाजल्यासारखं थरथरतं. जुन्या मापाची स्प्रिंग हवी: सैल वेटोळ्यांची, बारीक तारेची, खाऱ्या हवेत गंजू नये म्हणून स्टेनलेसची. तंजावरच्या तलैयाट्टी बोम्मैत, म्हणजे तिथल्या मान डोलावणाऱ्या नर्तकीच्या बाहुलीत, हा प्रश्न निराळा येतो. तिथे स्प्रिंगच नसते, भाग एकमेकांवर तोललेले असतात. चार ग्रॅम एका बाजूला जास्त झाले की बाई कायमची तिरकी.

शिवाय रंगारी बूड रंगवतोच, बूड रंगवलं नाही तर त्याला काम अर्धवट वाटतं. वय कळायचं ते बुडावरच्या छापावरून. 'वॉल्ट डिस्ने एंटरप्रायझेस' असेल तर तिशीचं दशक. 'वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स' असेल तर 1986 च्या आधीचं, कारण त्या वर्षी कंपनीचं नाव बदललं. 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड'चं स्टिकर असेल तर साधारण 1971 नंतरचं, ते अमेरिकेतलं करमणूक-उद्यान उघडलंच तेव्हा. पांढरा हात फिरला की पुरावा गेला. मग अतिनील टॉर्च घेऊन अंधारात बसायचं आणि नवा रंग कुठे निराळा चमकतो ते शोधत राहायचं.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे, कारण तो मीच स्वतःला विचारतो. जर्मन बाहुल्यांचं कुजलेलं इलॅस्टिक बदलतोस, डोनाल्डची गंजकी स्प्रिंग बदलायला तयार आहेस, मग रंगाचंच सोवळं कशाला? कारखान्यातला रंगही कुणा कामगाराने घाईघाईतच फासलेला. याला माझ्याकडे धड उत्तर नाही. इलॅस्टिक जाणार हे बनवणाऱ्यालाही माहीत असणार, असं म्हणता येईल, पण रंग उडणार हेही माहीतच असणार. सावंतवाडीचं लाकडी खेळणं कारागिराने पुन्हा रंगवलं तर मी तोंडातून ब्र काढत नाही. कदाचित तिथे रंगवणारा हात त्याच परंपरेतला असतो म्हणून. कदाचित ही सारवासारव असेल. आणि ज्या बाहुलीचा चेहराच उरला नाही तिला डोनाल्ड म्हणायचं कशावरून, हा चित्रशाळेतल्या मालकाचा सवाल मला अजून पुरता परतवता आलेला नाही.

एवढं मात्र करतो. शोकेस भिंतीपासून चार बोटं पुढे, प्रत्येक बुडाखाली काचेचा तुकडा, केशरी सिलिका जेल हिरवी पडली की 110 अंशांवर दोन तास भाजून पुन्हा आत. डांबरगोळ्या अजिबात नाहीत, त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरिनचं प्लास्टिक मऊ पडतं. कसरीसाठी महिन्यातून एकदा प्रत्येक बाहुली उलटी करून पोकळीत टॉर्च मारायचा.

राहिला डोनाल्ड. त्याच्या डाव्या डोळ्यातलं बुबुळ उजव्यापेक्षा थोडं मोठं काढलं गेलं आहे, त्यामुळे तो सतत चकित झाल्यासारखा दिसतो. वरचं ॲक्रिलिक काढून बघावं म्हणून गेल्या मे महिन्यात बुडाखाली ॲसिटोनचा बोळा लावला. नवा रंग आणि जुना रंग, दोन्ही एकदमच कापसावर आले.