सतरा शब्दांत गिरणी

गेल्या वर्षी आषाढात अण्णा गिरणीच्या पायरीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. वय ७६. ऑपरेशन झालं, आत रॉड पडला, आणि तीन महिने तरी पायावर भार द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. मी पुण्यात नोकरीला, बहीण सांगलीला, कराडात आई आणि अण्णा दोघंच. एका घसरण्यानं आमच्यापुढं तीन कामं उभी केली. अण्णांना दवाखान्यात असतो तसला वरखाली होणारा बेड हवा होता, त्यांना उठवायला-बसवायला एक माणूस हवा होता, आणि ३४ वर्षं चाललेली गिरणी आता विकायची होती.

मी आपला मोबाईल काढून गिरणीचे फोटो काढायला लागलो. अण्णा म्हणाले, "पेपरात दे."

"अण्णा, आता पेपरातल्या जाहिराती कोण वाचतं?"

"तू फोनात टाकशील ते पुण्याची माणसं बघतील. पुण्यात गिरणी कोण घेणार आहे?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. शिवाय घरात पेपर पहिल्यापासून येतो आणि अण्णा तो मागून वाचायला सुरुवात करतात. आधी छोट्या जाहिराती, मग निधनवार्ता, मग जमलं तर राजकारण. बेड त्यांनीच शोधला, तोही दवाखान्यात पडल्या पडल्या. विक्रीच्या सदरात चार ओळी होत्या: फाऊलर बेड, गादीसह, चार महिने वापरलेला, विकणे आहे, विद्यानगर.

मी संध्याकाळी गेलो. दार उघडणारे गृहस्थ साधारण पन्नाशीचे. हॉलमध्ये एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो, हार अजून सुकलेला नव्हता. जाहिरातीत विकण्याचं कारण लिहिलेलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही. त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. बेडच्या पायथ्याशी दोन हँडलं होती. एक फिरवलं की पाठ वर येते, दुसरं फिरवलं की गुडघे. मला नीट कळेना म्हटल्यावर ते स्वतः बेडवर आडवे झाले आणि म्हणाले, "फिरवा तुम्ही." मी हँडल फिरवत होतो आणि एक धडधाकट माणूस छताकडं बघत हळूहळू उठून बसत होता. "डावं जरा जड आहे," ते म्हणाले, "खोबरेल तेल घालत जा. आईला झटका बसायचा." ९ हजार सांगितले होते. मी घासाघीस करायच्या तयारीनं गेलो होतो, पण तोंडातून शब्द निघाला नाही. पैसे मोजून घेतल्यावर त्यांनीच ५०० ची एक नोट परत दिली, टेम्पोला असू द्या म्हणून.

माणसाची जाहिरात मात्र आम्हाला द्यायची होती, आणि तिथंच माझं शिक्षण सुरू झालं.

पेपरचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. भिंतीवर बाळशास्त्री जांभेकरांचा फोटो. त्याला ६ जानेवारीच्या पत्रकार दिनाला घातलेला हार जुलैतही तसाच होता. टेबलामागं बसलेल्या भाऊंनी फॉर्म आणि दरपत्रक पुढं केलं. छोटी जाहिरात शब्दांवर मोजतात: १५ शब्दांना ३०० रुपये, कमी लिहिले तरी तेवढेच, पुढं प्रत्येक शब्दाला २०. ठळक टाइप वेगळा, चौकट वेगळी. वर ५ टक्के जीएसटी. नुसत्या सातारा आवृत्तीचा हा दर, कोल्हापूर-सांगली धरली तर जवळजवळ दुप्पट. रविवारी छापून यायची तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्यायची. दोन दिवसांचे पैसे भरले की तिसरा दिवस फुकट. आणि मो. नंबर सगळा मिळून एकच शब्द धरतात, हे त्यांनी मोठी सवलत दिल्यासारखं सांगितलं.

'वृद्ध पुरुष रुग्णाच्या देखभालीसाठी अनुभवी पुरुष पाहिजे, दिवसपाळी, कराड' एवढीच जाहिरात दिली आणि तीन दिवसांत चाळीसच्या वर फोन आले. निम्मे ब्युरोवाल्यांचे. माणूस देतो, आधी नोंदणी फी भरा. त्यांना मी एकच विचारत होतो, माणूस आधी बघायला मिळेल का? मग फोन बंद व्हायचा. उरलेल्यांत बरीच तरणी पोरं होती. पाटणकडचा एक जण म्हणाला, "बी.ए. झालोय सर, काम कसलंबी चालंल." मी म्हटलं, "अरे, बेडपॅन द्यावं लागेल." पलीकडं जरा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "शिकवा, देतो की." त्याला नाही म्हणताना मला माझीच लाज वाटली. पण अण्णांचं वजन ८० किलो, आणि रॉड टाकलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे माहीत असणारा हवा होता.

शेवटी जे आले ते दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून तीस वर्षं काढलेले काका. गंमत म्हणजे जाहिरात बंद होऊन चार दिवस झाले होते. "तुम्हाला कळलं कसं?" तर स्टँडवर खाल्लेल्या भेळेचा कागद त्यांनी खिशातून काढून दाखवला. वर तेलाचा डाग, आणि डागाच्या मधोमध आमचा नंबर. महिना १२ हजार ठरले. मी आधारकार्डाची झेरॉक्स मागून घेतली, जुन्या दवाखान्यात जाऊन चौकशी केली. हे सगळं अण्णांना आवडलं नाही, "भल्या माणसाला चोर ठरवतोस" म्हणाले. पण पेपर जाहिरात छापतो, माणसाची हमी घेत नाही. त्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात तसं लिहिलेलंही असतं, वाचकांनी स्वतः खातरजमा करावी म्हणून. त्याच पानावर 'तुमच्या जागेत मोबाईल टॉवर बसवा, लाखो रुपये ॲडव्हान्स' असल्या जाहिराती मी वर्षानुवर्षं बघत आलोय. टॉवरसाठी आम्ही कुठलीही फी घेत नाही, असं मोबाईल कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था ट्राय ओरडून सांगते, तरी आमच्या एका चुलत्यांनी २० हजार घालवलेच.

आता गिरणी. पुण्यातून येताना मी एसटीत बसून जाहिरात लिहून काढली होती. 'कराड शहराच्या मध्यवर्ती ठिकाणी गेली ३४ वर्षे ग्राहकांच्या सेवेत अखंड कार्यरत असलेली' अशी सुरुवात. भाऊंनी ती वाचली, चष्मा कपाळावर ढकलला आणि लाल पेन उघडलं.

"सेवेत, अखंड, कार्यरत. तीन शब्दांचे ६० रुपये. घेणाऱ्याला काय कळलं?"

"जुनी गिरणी आहे, नाव आहे..."

"नाव विकताय का मशीन?"

पुढची दहा मिनिटं त्यांनी माझा मजकूर भाजी निवडावी तसा निवडला. 'पिठाची' शब्दसुद्धा काढला. म्हणाले, "कापडाची गिरणी पेपरात ३०० रुपयांत कोण विकतंय?" दगड किती इंची ते लिहा, मोटार किती एचपीची ते लिहा, चालू आहे का बंद ते लिहा. बघणारा तेवढंच बघतो. किंमत घालू का विचारलं तर म्हणाले, "घालू नका. फोन तर येऊ दे." यावर माझं मत वेगळं आहे, किंमत घातली असती तर निम्मे रिकामे फोन वाचले असते, पण त्या टेबलापुढं मी विद्यार्थी होतो. 'शनिवार पेठ' हे दोन शब्द तेवढे मी हट्टानं ठेवले. शेवटी उरलं ते असं: गिरणी, २० इंची दगड, १० एचपी मोटार, मिरची कांडपासह, चालू स्थितीत विकणे आहे. शनिवार पेठ, कराड. पुढं नंबर. १७ शब्द, दोन दिवसांचे जीएसटी धरून ७१४ रुपये. नंबर अण्णांचा दिला. दिवसभर पडूनच होते, तेवढाच विरंगुळा.

रविवारी सकाळी पेपर आला आणि नंबर चुकलेला. फॉर्मवर मी आकडे मराठीत लिहिले होते, माझा ३ त्यांच्या माणसाला ६ वाटला. ऑफिसला कुलूप. चिडून मी तो छापलेला नंबरच लावला, ज्याला उगाच त्रास होतोय त्याची माफी तरी मागावी म्हणून. एका बाईंनी उचलला.

"गिरणीवाले का तुम्ही? अहो, सकाळपासून तेरा फोन आलेत मला!"

मी माफी मागायला लागलो तर त्या म्हणाल्या, "थांबा, घ्या लिहून. मी सगळे कॅलेंडरच्या मागं उतरवून ठेवलेत. कुणीतरी बिचारं शोधत येईल म्हटलं." आणि त्यांनी तेराच्या तेरा नंबर, गावाच्या नावासकट, सावकाश सांगितले. मसूर, उंब्रज, ढेबेवाडी, शेणोली. एका नंबरपुढं त्यांनी 'घेणारा वाटतो' असा शेराही मारला होता.

सोमवारी भाऊंनी फॉर्म दाखवला. खरंच माझा ३ संशयास्पदच होता. तरी त्यांनी कुरकुर न करता दुरुस्त करून एक दिवस जादा छापायचं कबूल केलं. तेव्हापासून मी नंबर इंग्रजी आकड्यांत लिहितो आणि समोरच्याला मोठ्यानं वाचायला लावतो.

बरोबर नंबर छापून आला आणि वेगळाच प्रकार सुरू झाला. जाहिरातीत आमचं नाव कुठंच नव्हतं. पण शनिवार पेठेत २० इंची दगड आणि मिरची कांडप एकत्र म्हटल्यावर कराडात नाव छापायची गरज नसते. पहिला फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. स्पीकर चालू. पलीकडून एक म्हातारा आवाज, एकदम खालच्या पट्टीत: "गिरणी विकायला काढली म्हणून वाचलं. अण्णा कधी गेले?"

"मीच बोलतोय," अण्णा म्हणाले.

पलीकडं शांतता. मग, "आं?"

असे दिवसभरात सहा फोन. कुणी गेल्याचं विचारलं, कुणी कर्ज झालंय का विचारलं, एकीनं तर पोरांनी जागा बिल्डरला दिली का म्हणून मला शिव्या घातल्या. आई स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. अण्णा मात्र रंगात आले. प्रत्येकाला पडल्याची कथा पहिल्यापासून, पायरीच्या शेवाळापासून. संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज बसला. दुसऱ्या दिवसापासून ती माणसं भेटायला यायला लागली, कुणी हातात केळी, कुणी नुसतीच. ३४ वर्षं ज्यांची दळपं दळली त्यांना अण्णा घरी पडून आहेत हे त्या जाहिरातीनंच कळलं.

मधे एक फोन 'मी मिलिटरीत आहे' असाही आला. गिरणी न बघताच पसंत, ॲडव्हान्स लगेच पाठवतो, फक्त हा कोड स्कॅन करून पिन टाका. मी घाईनं फोन हिसकावणार तेवढ्यात अण्णा म्हणाले, "पैसे तू देणार, मग पिन माझा कशाला?" गल्ल्यावर बसलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

बाईंनी शेरा मारलेला नंबर ढेबेवाडीच्या बाजूचा होता. मुंबईतली नोकरी सुटून गावी आलेला तिशीतला पोरगा, बरोबर एक मिस्त्री. मिस्त्रीनं आधी काही बोलायच्या आत दोन्ही दगड उघडायला लावले, वितीनं जाडी मोजली, खाचांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, चालवा. मी पायलीभर ज्वारी ओतली. महिनाभर बंद पडलेली गिरणी सुरू झाली तशी पट्ट्याची ती फटफट घरापर्यंत गेली असणार, कारण लगेच माझा फोन वाजला. "पट्टा सैल आहे," अण्णा बेडवरून ओरडत होते, "आवाजावरनं कळतंय, आधी तो ओढून घे!" मिस्त्री हसला. गिरणीच्या तोंडाशी हात धरून त्यानं पीठ घेतलं, बोटांत चोळलं, गालाला लावलं. "गरम येतंय. टाकी लावायला झालीय." दगडाची टाकी, म्हणजे छिन्नीनं पाडलेल्या खाचा, उतरली की पीठ घासून गरम होतं, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण मी मुद्दाम बोललो नव्हतो. त्याचे ३ हजार कमी झाले.

आम्ही ७५ हजार म्हणत होतो, ६२ ला ठरलं. विसार म्हणून ५ हजार, बाकी माल उचलताना. साध्या कागदावर दोघांच्या सह्या, जसं आहे तसं असा शब्द घालून. थ्री फेज कनेक्शनही मिळेल असं पोराला वाटत होतं. ते जागेला असतं, मशीनला नाही, त्याला गावात नवीन अर्ज करावा लागेल हे मी तिथंच स्पष्ट केलं, नाहीतर नंतर भांडण. माल उचलायच्या दिवशी टेम्पो आधी आमच्या घरापाशी थांबला. पोरगा आत आला, अण्णांच्या पाया पडला आणि दगडाला टाकी किती दिवसांनी लावायची ते विचारून घेतलं. अण्णांनी अर्धा तास सांगितलं. ते झाल्यावर भिंतीकडं तोंड करून झोपले. त्या रात्री जेवले नाहीत.

मार्गशीर्षात अण्णा वॉकर घेऊन अंगणापर्यंत जायला लागले. वॉर्डबॉय काकांची आता गरज उरली नाही, तरी ते अजून रविवारी चहाला येतात. बेड उगाच खोली अडवून बसला होता. मी म्हटलं, विकू या. अण्णांनी पेन मागितलं आणि स्वतः लिहायला बसले. लिहून झाल्यावर कागद माझ्यापुढं धरला: फाऊलर बेड, गादीसह, विकणे आहे. पेशंट बरा झाला. शनिवार पेठ, कराड. मो.

"कारण कशाला?" मी म्हटलं. "भाऊ लाल पेन काढतील."

"काढू दे. मला परत सहा फोन नकोत." त्यांनी बोटांवर शब्द मोजले. नंबर धरून बारा. "पंधराचे पैसे घेतो ना तो? तीन उरलेत की."

थोडा विचार केला, आणि खाली लिहिलं: डावं हँडल जड.