पट्टी वर किती लवकर येते : कीबोर्डचा स्विच निवडतानाचा माझा अनुभव

आमच्या विश्रामबागच्या घरात बाहेरची खोली एकच. एका कोपऱ्यात माझा कॉम्प्युटर, दुसऱ्यात बाबांची बाजाची पेटी, आणि मधल्या कॉटवर आजी झोपते. मी दिवसभर सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो आणि रात्री दहानंतर कॉलेजच्या चार मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक २ खेळतो. हे सगळं आधी सांगतोय, कारण कीबोर्ड निवडताना आजीची झोप, माझी थकलेली बोटं आणि बाबांची पेटी या तिन्हींचा विचार करावा लागला, आणि त्यातलं काहीच कुठल्या यादीत लिहिलेलं नव्हतं.

सुरुवात झाली ती जुन्या रबरी कीबोर्डमुळे. डब्ल्यू, ए आणि स्पेस एकदम दाबलेले असले की आर लागायचाच नाही. गोळ्या संपलेल्या, समोर माणूस, आणि बंदूक भरली जात नाही. आधी वाटलं गेमची चूक. मग नोटपॅड उघडून तीच बटणं दाबून पाहिली, तिथंही आर उमटेना. साध्या कीबोर्डात बटणं आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असतात. तीन बटणं विशिष्ट जागी एकदम दाबली गेली की चौथं खरंच दाबलंय की नुसता भास आहे, हे आतल्या चिपला कळत नाही, म्हणून ती ते सोडून देते. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगचा वेगळा स्विच असतो, आणि बऱ्याचशांत त्याच्या जोडीला एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा बारीक भाग. त्यामुळे सगळी बटणं एकदम दाबली तरी प्रत्येक वेगळं मोजलं जातं. खरेदी करताना ‘एन-की रोलओव्हर’ हे शब्द शोधायचे ते यासाठी. मला मेकॅनिकल घ्यायला लावलं ते याच एका कारणानं, दिव्यांनी नव्हे.

मग समोर आली स्विचच्या रंगांची यादी. लाल गेमिंगला, निळा टायपिंगला, तपकिरी दोन्हीला. हे रंग मूळचे चेरी या कंपनीच्या एमएक्स स्विचचे. त्यांच्या पेटंटची मुदत संपल्यावर गेटेरॉन, कैल, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी तसेच स्विच काढले आणि रंगांची रीतही बरीचशी उचलली. बरीचशी म्हणतोय, पूर्ण नाही. चेरीचा ‘क्लिअर’ जड आहे आणि दाबताना मध्ये ठेच लागते, तर गेटेरॉनचा ‘क्लिअर’ एकदम हलका आणि सरळ खाली जाणारा. नाव एक, स्वभाव उलटे. म्हणून रंग वाचला की त्याच्या शेजारी कंपनीचं नावही वाचायचं.

मी मात्र पहिल्यांदा रंगावर गेलो आणि निळा घेतला. अडीच हजारांच्या आसपास, १०४ बटणांचा, स्विच कायमचे झाळलेले. निळ्याच्या आत दांड्यावर एक सुटा तुकडा असतो, तो झटक्यानं खाली जातो तेव्हा टक् असा आवाज येतो. दिवसा तो आवाज फार आवडला. रात्री साडेअकराला आजी उठून बसली.

“बाळा, काय टकाटका लावलंयस? डोळ्याला डोळा लागंना माझा.”

मित्रांनाही माझ्या माइकमधून तेच ऐकू जात होतं. मी कॉटच्या बाजूला जाड चादर टांगली, कीबोर्डखाली सतरंजीची घडी ठेवली. आवाज थोडा दबला, गेला नाही. निळ्यातला टक् स्विचच्या पोटातून येतो, तो वरून काही करून बंद होत नाही.

पण माझी खरी अडचण आवाजाची नव्हती, आणि ती मला बाबांनी दाखवली.

बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. सूर लावून घ्यायचे असले की पेटी मिरजेला नेतात, किरकोळ काम मात्र घरीच करतात. त्या रविवारी त्यांनी वरची फळी काढून पट्ट्या साफ करायला घेतल्या होत्या. मी शेजारी बसून कुरकुरत होतो की नवीन कीबोर्ड घेऊनही माझ्या गोळ्या भलतीकडेच जातात. त्यांनी कीबोर्ड मांडीवर घेतला आणि डी हे बटण करंगळीनं सावकाश दाबलं, सोडलं, परत दाबलं. असं दहा-बारा वेळा.

“दाबायला चांगलं आहे रे. पण सोडल्यावर बघ. टक् झालेलं परत जागेवर यायला किती वर यावं लागतंय. पेटीतही तेच. दाबायची घाई सगळ्यांनाच, पण पट्टी वर किती लवकर येते त्यावर तान चालते.”

मी नोटपॅड उघडला आणि डी अगदी हळू दाबला. टक् झालं, अक्षर उमटलं. बोट थोडंसं उचलून परत दाबलं, काहीच नाही. बरंच वर आणल्याशिवाय दुसरं अक्षर येईना. निळ्याची रचनाच तशी आहे: साधारण २.२ मिलिमीटरवर तो लागतो, पण सुटतो त्याच्या बराच वर. लाल किंवा काळ्यासारखे सरळ स्विच जिथं लागतात तिथंच, अगदी थोड्या फरकानं, सुटतात.

हे गेममध्ये का महत्त्वाचं, ते सांगतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये पळत पळत झाडलेली गोळी नेमकी जात नाही. म्हणून उजवीकडे पळताना डी सोडायचा आणि क्षणभर ए दाबायचा, की माणूस जागच्या जागी थांबतो आणि त्याच क्षणी गोळी. डी वेळेवर सुटला नाही, तर काही क्षण डी आणि ए दोन्ही दाबलेले राहतात आणि थांबणं उशिरा होतं. मी इतके दिवस बटण किती लवकर लागतं तेवढंच वाचत होतो. मला हवा होता तो लवकर सुटणारा स्विच.

त्यानंतर मी नऊ स्विचचा टेस्टर मागवला. छोटी पट्टी, त्यावर नऊ वेगवेगळे स्विच. यात एक फसगत आहे. आपण टेस्टर हातात धरतो आणि तर्जनीनं दाबतो. तर्जनी ताकदवान, तिला सगळेच स्विच छान वाटतात. खेळताना ए वर अनामिका असते आणि शिफ्टवर करंगळी. म्हणून टेस्टर टेबलावर ठेवून, मनगट टेकवून, याच दोन बोटांनी दाबून पाहिलं. आणि तेही संध्याकाळी, दिवसभर बिलं मारून आल्यावर. हळदीच्या हंगामात संध्याकाळपर्यंत बोटं इतकी आंबतात की सकाळी हलका वाटलेला स्विच रात्री जड लागतो. दाबायला ६० ग्रॅम भार मागणारा काळा माझ्या यादीतून असाच गेला, निदान ए साठी तरी.

टेस्टरवर अक्षर उमटत नाही, त्यामुळे बटण नेमकं कधी लागतं ते कळत नाही. म्हणून दुसरा कीबोर्ड घेताना एकच अट ठेवली : हॉट-स्वॅप. म्हणजे स्विच झाळलेले नसतात, उपसून दुसरे बसवता येतात. नवख्यानं पैसे कुठं घालायचे असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. स्विच चुकला तरी कीबोर्ड वाया जात नाही. ८७ बटणांचा, उजवीकडचे आकडे नसलेला घेतला. माउसला जागा मोकळी झाली.

तो लाल स्विच लावूनच आला. सोबत मी गेटेरॉनचे पिवळे आणि थोडे काळे सुटे मागवले. पिवळे आले ते पाच पायांचे, आणि माझ्या कीबोर्डात छिद्रं तीनच. दोन पाय धातूचे, एक मधला जाड प्लॅस्टिकचा, आणि बाजूचे दोन बारीक प्लॅस्टिकचे पाय फक्त आधाराला असतात. ते दोन नेलकटरनं सपाट कापले की काम होतं. मी एका संध्याकाळी वीस स्विचचे पाय कापले. त्यातल्या एकाचा धातूचा पाय बसवताना दुमडला, आणि एस लागेना. कीबोर्ड बिघडला या भीतीनं मला रात्री नीट झोप आली नाही. सकाळी स्विच उपसून पाहिला, पाय खाली चपटा झाला होता. आजीच्या चिमट्यानं सरळ केला, परत बसवला, एस सुरू. तेव्हापासून स्विच बसवण्याआधी प्रत्येकाचे पाय डोळ्यांसमोर धरून बघतो, आणि तिरका न दाबता सरळ खाली दाबतो.

मग मी नाण्यांनी वजन करून पाहिलं. दहाचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. नोटपॅड उघडा ठेवून एकेका बटणावर हळूच नाणी रचत गेलो. लाल सहा नाण्यांना लागला, म्हणजे साधारण ४६ ग्रॅम. त्याच्यावर लिहिलेला आकडा ४५. पिवळा सातव्या नाण्याला, काळा आठव्याला. यातलं लाल-पिवळ्यातलं अंतर एका नाण्याचं. कागदावर ४५ आणि ५० वाचताना हे दोन आकडे मला सारखेच वाटले होते. पण तेच एक नाणं बोट उचलताना स्प्रिंगच्या बाजूनं असतं.

लालवर मी दोन आठवडे खेळलो. पहिले तीन दिवस स्वर्ग. मग लक्षात आलं की माझी बोटं बटणांवर विसावलेली असतात, आणि विसावलेल्या बोटाच्या भारानंही लाल कधीमधी लागतो. एकदा ऐन वेळी जी लागला आणि हातातली बंदूक खाली पडली, कारण त्या गेममध्ये जी म्हणजे हातातली वस्तू टाकणं. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, “स्प्रिंग सैल पडलेल्या पेटीचं असंच होतं. बोट नुसतं टेकलं तरी सूर बोलतो.”

म्हणून डब्ल्यू, ए, एस, डी आणि आसपासची बटणं पिवळी केली. पिवळा लालसारखाच सरळ आणि शांत, पण बोट सैल सोडलं की स्वतः वर ढकलतो. आणि जी वर, फक्त जी वर, आठ नाण्यांचा काळा. त्या दिवसापासून माझी बंदूक चुकून पडलेली नाही. एकाच कीबोर्डात वेगवेगळे स्विच लावू नयेत असं काही जण म्हणतात, हाताला सवय लागत नाही म्हणून. मला पटत नाही. पेटीच्या सगळ्या पट्ट्या सारख्या हव्यात, कारण तिथं प्रत्येक सूर मुद्दाम लावायचा असतो. गेममध्ये काही बटणं सतत हवी असतात आणि काही चुकूनही लागायला नको असतात.

तपकिरीबद्दल दोन शब्द. त्याची ठेच इतकी बारीक की धावपळीत मला ती जाणवलीच नाही. ज्यांना दिवसा लिखाण आणि रात्री गेम एकाच कीबोर्डावर करायचा आहे त्यांना तो चालेल. माझ्या कामाचा नव्हता.

कोल्हापूरचा एक मित्र म्हणत होता, “भावा, थेट चुंबकाचा घे की.” त्या स्विचमध्ये धातूचे पत्रे एकमेकांना टेकत नाहीत. दांड्यात चुंबक असतो आणि खालचा सेन्सर तो किती खाली आला ते सतत मोजतो. बटण कुठं लागावं ते आपण ठरवायचं, आणि ‘रॅपिड ट्रिगर’ चालू असेल तर बोट जरासं उचललं की बटण तिथंच सुटतं. म्हणजे बाबांनी सांगितलेली गोष्टच, सेन्सरनं साधलेली. मी एकदा त्याच्याकडे जाऊन खेळून आलो आणि फरक खरा आहे. पण त्याला कीबोर्डच वेगळा लागतो, माझ्या हॉट-स्वॅपमध्ये ते स्विच चालत नाहीत, आणि किंमत माझ्या आवाक्याबाहेरची होती. काही कीबोर्डांमध्ये याच्या पुढची सोय असते : ए आणि डी दोन्ही दाबलेले असले तरी शेवटचं तेवढंच धरायचं. ऑगस्ट २०२४ मध्ये गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनं काउंटर-स्ट्राइक २ च्या आपल्या अधिकृत सर्व्हरवर त्याला मनाई केली, ती वापरली तर सामन्यातून बाहेर काढतात. मला तो निर्णय योग्य वाटतो. डी वेळेवर सोडणं हे हातानं शिकायचं काम आहे.

१.२ मिलिमीटरवर लागणारे ‘स्पीड’ स्विचही मी बघितले. नेहमीच्या २ मिलिमीटरपेक्षा ०.८ कमी. बोट झपकन खाली जातं तेव्हा त्यात वाचतात ते मोजकेच मिलीसेकंद, आणि धातूचे पत्रे टेकताना थरथरतात म्हणून कीबोर्ड स्वतःच पाचेक मिलीसेकंद थांबून खात्री करतो. समोरचा माणूस दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत मला दोनशेच्या वर लागतात. बोट विसावून खेळणाऱ्याला त्या ०.८ पायी चुकीचे दाबच जास्त पडतील असं वाटलं, म्हणून घेतले नाहीत.

निळा कीबोर्ड आता दुकानात आहे. सौद्याच्या गलक्यात त्याचा टक् कुणाला ऐकू येत नाही, आणि पोत्यांचे आकडे मारताना बोटाला तो बरोबर कळतो. उजवीकडचे आकडेही तिथंच लागतात. तो मला तिथं मनापासून आवडतो.

घरी एक काम राहिलंय. स्पेसबारखाली लांब तार असते, स्टॅबिलायझरची. ती कोरडी असली की खडखडते. परवा आजी म्हणाली, “आता एकच बटण वाजतंय बघ, लांबडं.” डायइलेक्ट्रिक ग्रीसची छोटी ट्यूब आणून ठेवली आहे. रविवारी बाबा पेटी उघडणार आहेत, तेव्हाच मीही स्पेसबार काढेन.