समुद्र तापलाय, मग पाऊस जास्त पडणार का?

मे महिना लागला की लिफ्टमध्ये, इस्त्रीवाल्याकडे, लग्नाच्या पंगतीत, कुठेही मला एकच प्रश्न येतो: "यंदा समुद्र भलताच तापलाय म्हणे, म्हणजे पाऊस झोडपणार ना?" फोनवर समुद्राच्या तापमानाचे नकाशे बघत बसायचा मला नाद आहे, हे सोसायटीत फुटल्यापासूनची ही भानगड. चौथा मजला येईपर्यंत "बघू या" यापलीकडे काही सांगून होत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता जरा ऐसपैस सांगतो.

तापलेला समुद्र लागतोच. पाण्याचा पृष्ठभाग साधारण 28 अंश सेल्सिअसच्या खाली असला तर त्यावर उंच पावसाळी ढग सहसा उभे राहत नाहीत. मूळच्या पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह 1984 साली हे दाखवून दिलं. त्याच कामातली दुसरी अर्धी गोष्ट मात्र कोणी सांगत नाही: 28 ओलांडले म्हणून ढग येतीलच असं नाही. पाणी 30 अंशांवर गेलं तरी वर आभाळ स्वच्छ असू शकतं. मे महिन्यात आपण तेच तर भोगतो. शर्ट पाठीला चिकटतोय, कपाटातल्या मिठाला पाणी सुटलंय, आणि ढगाचा पत्ता नाही. दमट हवा एका जागी गोळा होऊन उंच चढायला हवी, आणि त्यासाठी वारे फिरावे लागतात.

हे वारे निघतात दक्षिण गोलार्धातून. केनियाजवळ विषुववृत्त ओलांडतात, आफ्रिकेच्या डोंगरांना घासून सोमालियावरून वळतात आणि अरबी समुद्र तुडवत आपल्याकडे येतात. एक-दीड किलोमीटर उंचीवर त्यांचा जोर सर्वांत जास्त. म्हणजे दादरला तुमची छत्री उलटी करणाऱ्या पावसातलं काही पाणी विषुववृत्तापलीकडचं असतं!

खरी मजा पुढे आहे. हे वारे सुरू झाले की समुद्र गार पडायला लागतो. घामाघूम होऊन पंख्याखाली बसलात की होतं, तेच. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 25 लाख जूल उष्णता लागते आणि ती बहुतेक समुद्राच्याच खिशातून जाते. वारा पाणी घुसळून खालचं गार पाणी वर आणतो, ढग ऊन अडवतात. सोमालियाच्या किनाऱ्याला तर वरचं पाणी बाजूला लोटलं जाऊन तळचं वर येतं. जुलैत तिथे काही ठिकाणी तापमान 20 अंशांच्या आसपास उतरतं. इकडे ती वाफ सह्याद्रीला अडून वर चढली, तिचं पाणी झालं, की समुद्रातून उचललेली उष्णता हवेत मोकळी होते आणि तीच वाऱ्यांना आणखी खेचते. समुद्र वाऱ्याला चालवतो आणि वारा समुद्राला निववतो, हे चार महिने चालू असतं. मेमधल्या एका आकड्यावरून ऑगस्टचं भाकीत करणाऱ्यांवर माझा म्हणूनच विश्वास नाही.

उलट तापलेलं पाणी कधी अंगाशी येतं. 2023 च्या जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ उठलं, बराच काळ रेंगाळलं आणि बाष्प स्वतःकडे ओढत राहिलं. मोसमी पाऊस मुंबईत एरवी 11 जूनच्या सुमारास पोहोचतो, त्या वर्षी 25 तारीख उजाडली. आणि 26 जुलै 2005 आठवा. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर, कुलाब्याला शंभरसुद्धा नाही. समुद्र दोघांच्याही दारात तोच होता.

आणखी एक. मुंबईचा पाऊस बघायचा तर नजर पूर्वेकडेही हवी. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा इतकं गोडं पाणी ओततात की ते हलकं पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं पसरून राहतं. वाऱ्याला ते सहजी घुसळता येत नाही, त्यामुळे तिकडचा समुद्र भर पावसाळ्यातही 28 अंशांच्या वर राहतो आणि एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात. असं एखादं क्षेत्र ओडिशावरून आत सरकलं की आपल्याकडचे पश्चिमी वारे चेकाळतात आणि लोकल बंद पडायची वेळ येते.

अधूनमधून आठ-दहा दिवस उघडीप पडते. तेव्हाही लिफ्टमध्ये प्रश्न असतोच: "संपला का हो पाऊस?" त्या उघडिपीत उपसागरावरचं आभाळही बऱ्याचदा मोकळं होतं, वारा मंदावतो आणि तो पातळ थर उन्हात भराभर तापतो. दक्षिणेकडून ढगांचा पुढचा पट्टा वर सरकायला हे तापलेलं पाणी हातभार लावतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कोणी हे विचारलं की मी आधी उपसागराचा नकाशा उघडतो, आणि तिथे पाणी तापत असेल तर छत्री माळ्यावर टाकू नका म्हणून सांगतो.