भिंत पाडण्याआधी

घराच्या इंटिरिअरचं काम घेण्याआधी मी त्या घरात अर्धा दिवस नुसता बसतो. ऊन कुठून येतं, माणसं कुठे टेकतात, हातातली पिशवी कुठे ठेवतात, सगळं बघतो. गिऱ्हाइकांना आधी नवल वाटतं, पण माझं डिझाइन तिथेच सुरू होतं.

आजच्या ताईंना हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत पूर्ण काढायची होती. इंजिनिअरने तपासलं, तर भिंत लोड बेअरिंग. वरच्या स्लॅबचा भार तिच्यावरच. मग वर स्टीलचा बीम देऊन मधला भाग मोकळा करायचा, असं पेन्सिलने काढून दाखवलं. ताई चित्राकडे बघतच राहिल्या. असे क्षण मला फार प्रिय आहेत!

रंगाची घाई मात्र मी कुणालाच करू देत नाही. शेडकार्डवर, म्हणजे रंगांच्या छोट्या नमुन्यांच्या कार्डावर, विसंबू नका. भिंतीवर मोठा चौकोन रंगवा, सकाळी बघा, रात्री दिवे लावून बघा. २७०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) पिवळसर उजेडात उबदार वाटणारा राखाडी ६५०० च्या पांढऱ्या उजेडात गारठतो.

उद्या जुनी दारं उतरवायची आहेत. रंगाच्या थरांखाली चांगलं लाकूड निघालं, तर तीच पुन्हा बसवू. ताईंनी आत्ताच होकार दिलाय.